तळं भरलं, पण तूबू उघडणारा कुठाय?

नोव्हेंबर २०२१ च्या पावसाची आठवण कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यातली माणसं अजून काढतात. माझी सासुरवाडी कोलार तालुक्यातली, दीडेकशे घरांचं गाव, बेंगळुरूपासून दोन तास, ट्रॅफिक लागला तर तीन. त्या वर्षी गावचं तळं भरून वाहिलं. इकडे तळ्याला केरे म्हणतात आणि सांडव्याला कोडी, तर कोडी पडली असा मेव्हण्याचा सकाळी सकाळी फोन आला आणि आम्ही पोरांची शाळा बुडवून गाडी काढली. बायकोच्या आठवणीत तळं असं वाहिलेलं एकदाच, ती चौथी-पाचवीत असताना. सासऱ्यांना इकडे मावा म्हणतात, मी पण मावाच म्हणतो, तर मावा बांधावर नवा पंचा खांद्यावर टाकून असे उभे होते की घरात लग्न निघालंय. बायकांनी सुपात हळद-कुंकू, बांगड्या, खण, नारळ ठेवून वर दुसरं सूप झाकून ते तळ्याला वाहिलं. त्याला बागिना म्हणतात, आपल्याकडे नदीची ओटी भरतात तसंच. खाली कोडीच्या पाण्यात पोरं मच्छरदाण्या लावून मासे धरत होती, एक बोकडही पडला, आणि माझ्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा जिवंत मासा हातात धरला आणि लगेच सोडून दिला.

खरा विषय जेवणानंतर निघाला. एवढं पाणी आलंय तर बांधाखालच्या जमिनीत उन्हाळी भात लावायचा का. तळ्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या या जमिनीला अच्चुकट्टू म्हणतात आणि गावातली सगळ्यात भारी जमीन तीच, पण गेली कित्येक वर्षं तिथे बोअरच्या पाण्यावर टोमॅटो नाहीतर नुसती नीलगिरी. तर पाच-सहा जण उठून तूबूकडे गेले, तूबू म्हणजे बांधाच्या पोटातली मोरी, जिच्यातून पाणी पाटात सोडतात. मीही मागे मागे. जुना दगडी तूबू कधीच गेला, त्या जागी कुठल्यातरी दुरुस्तीच्या स्कीममध्ये लोखंडी स्क्रूचं गेट बसवलेलं. ते गंजून असं बसलं होतं की दोघांनी पाना लावून लोंबकळून पण हलेना. बसवल्यापासून त्याला कुणी ग्रीस लावलं असेल असं वाटत नव्हतं. एकाने सुचवलं जेसीबी आणू, दुसरा म्हणाला जेसीबीने बांध फुटला तर खालची वस्ती वाहून जाईल. शेवटी काय झालं तर ज्यांची ऐपत होती त्यांनी तळ्यात मोटरी टाकल्या, बांधावरून पाईप घातले आणि पाणी खाली शेतात घेतलं.

परत एकदा सांगतो, कारण मला स्वतःला ते पचायला दोन दिवस लागले. पाणी वर होतं, शेत खाली होतं, आणि वरचं पाणी खाली आणायला लोकांनी मोटर लावली.

कोलारच्या पाण्यावर मी गेली दहा-बारा वर्षं चर्चा ऐकतोय. घरात, बसमध्ये, टीव्हीवर, निवडणुकीत तर विचारूच नका. सगळ्या चर्चा एकाच प्रश्नाच्या, पाणी आणायचं कुठून. पश्चिम घाटातून येत्तिनहोळे नदीचं आणायचं, बेंगळुरूचं सांडपाणी शुद्ध करून आणायचं, अजून खोल जायचं. आलेलं पाणी वाटणार कोण, हे कुणी विचारतच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की खेड्यातल्या पाण्याचा प्रश्न पावसाचा आणि पैशाचा जितका आहे त्याहून जास्त एका माणसाच्या नोकरीचा आहे, ती नोकरी आपण बंद केली आणि तिच्या जागी फुकट वीज दिली. आणि हे फक्त कर्नाटकातल्या लोकांनी वाचायचं नाही, महाराष्ट्रात आता तेच चालू झालंय म्हणून मराठीत लिहितोय.

आधी हा मुलूख कसा आहे ते बघा. कोलारला बारमाही नदी नाही. पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा भाग सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे आपल्याकडे पाऊस आवरता घेतात तेव्हा इकडे खरा सुरू होतो. उघडेबोडके खडकाचे डोंगर आणि त्यांच्या मधल्या प्रत्येक उतारावर आडवा बांध घालून केलेलं तळं. आणि तळी सुटी सुटी नाहीत, साखळीत आहेत, एकाची कोडी वाहिली की ते पाणी कालव्याने, त्याला राजकालुवे म्हणतात, खालच्या गावच्या तळ्यात जातं, तिथून त्याच्या खालच्या. कर्नाटकात अशी ३६,००० हून जास्त तळी मोजलेली आहेत आणि कोलार म्हणजे त्यांचं माहेरघर. शहाजीराजांच्या जहागिरीत बेंगळुरूबरोबर कोलारही होतं, तेव्हाही हा मुलूख या तळ्यांवरच जगत होता.

गाव म्हणाल तर दक्षिणेतल्या कुठल्याही लहान गावासारखं. मधोमध पिंपळ आणि कडुनिंब एकत्र वाढलेला पार, त्याच्याखाली नागाचे दगड. सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी दूध डेअरीसमोर स्टीलच्या कॅन घेतलेल्या बायकांची रांग. डिसेंबर-जानेवारीत नाचणी आणि कुळीथ सरळ डांबरी रस्त्यावर पसरतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी मळणी फुकटात होते. पहिल्यांदा मी गाडी थांबवून उभा राहिलो तर एक आजी चिडली, चालव की वरनं, थांबलास कशाला. दुपारी नाचणीचा उंडा म्हणजे मुद्दे आणि पालेभाजीचं सारू, मुद्दे चावायचं नाही, गिळायचं, हे शिकायला मला दोन वर्षं लागली. तरुण पोरं नरसापूरच्या इंडस्ट्रियल एरियात शिफ्टला जातात, कंपनीची बस फाट्यावर येते. घरात तेलुगू, बाहेर कन्नड, भांडण दोन्हीत.

आणि या गावात एक नीरगंटी असायचा. नीर म्हणजे पाणी. तूबू उघडायचा तो, बंद करायचा तो. जुन्या दगडी तूबूला खाली भोक आणि त्यात लाकडी गुडदी असायची, पाणी जास्त असलं तर बुडी मारून काढायची, ते काम त्याचंच. रात्री पाट फुटला तर कंदील घेऊन जायचा तोच. कुठल्या शेताला किती वेळ पाणी, आज वरचा की खालचा, हे तो ठरवायचा आणि शेतकऱ्याने स्वतः पाटाला हात लावायचा नाही. पावसाळ्याआधी कालव्यातला गाळ काढायला प्रत्येक घरातून माणूस बोलवायचा तोही त्यानेच. मोबदला म्हणून थोडी इनाम जमीन आणि सुगीला प्रत्येकाच्या खळ्यावरून ठरलेलं धान्य.

सगळ्यात भारी गोष्ट तळं अर्धंच भरलं तर काय करायचे ही. अशा वर्षी दामाशा लागू व्हायचा. म्हणजे पाणी निम्म्याच जमिनीला पुरणार असेल तर बांधाजवळचीच निम्मी जमीन भिजवायची, आणि ती जमीन कुणाचीही असो, त्या हंगामापुरती तिच्यात सगळ्यांना आपापल्या मूळ हिश्श्याच्या प्रमाणात वाटा. शेवटाला ज्याचं शेत आहे तोही उपाशी राहत नाही. हा शब्द ऐकल्यावर मी उडालोच, कारण जुन्या मराठीत दामाशाई हा शब्द आहे, एखाद्याचं दिवाळं निघालं की त्याच्या मालमत्तेची सावकारांमध्ये ज्याच्या त्याच्या रकमेच्या प्रमाणात जी वाटणी करायची ती दामाशाई. दिवाळखोरीचा शब्द इकडे अर्ध्या भरलेल्या तळ्याला लागला. मावांना सांगितलं तर ते म्हणाले, बरोबरच आहे की, पाऊस दिवाळं काढतोच.

मला हे सगळं ओळखीचं वाटलं त्याचं कारण आमचं मूळ गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. धुळे-नाशिककडची फड पद्धत ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक, दरवर्षी फेरपालट, आणि पाणी द्यायला पाटकरी. आजोबा सांगायचे, पाटकऱ्याने पाणी बंद केलं की पाटलाच्या शेतातलं पण बंद. त्यात थोडी शेखी असेल, पाटलाचं खरंच किती वेळा बंद झालं असेल देव जाणे. पण नियम होता आणि नियमाला माणूस होता. हजारेक किलोमीटर लांब, भाषा वेगळी, पीक वेगळं, आणि लोक त्याच उत्तरावर आलेले.

मग हे मोडलं कसं? एका दिवसात नाही मोडलं. १९६१ च्या कायद्याने म्हैसूर राज्यातली वंशपरंपरेने चालणारी गावकामं रद्द झाली, इनामं गेली. ते व्हायलाच हवं होतं, त्याच्यावर पुढे बोलतो. पण त्या कामाच्या जागी पगारी माणूस काही आला नाही. तळी सरकारची झाली, ४० हेक्टरच्या वर भिजवणारं तळं लघुपाटबंधारे खात्याचं, त्याच्या आतलं जिल्हा परिषदेचं. म्हणजे इंजिनिअर जिल्ह्याला आणि तूबू गावात. मग सामाजिक वनीकरणाच्या काळात तळ्यांच्या पोटात बाभळी लावल्या आणि शेतांत नीलगिरी, तिने पाणी किती ओढलं हे कळल्यावर २०१७ मध्ये सरकारने नवीन नीलगिरी लावायला बंदी घातली, तोपर्यंत माळ भरून गेले होते. पण खरा घाव बोअरने घातला. विहीर असेपर्यंत माणसाला तळ्याची काळजी होती, कारण तळं भरलं की खालच्या विहिरीला पाणी. बोअर हजार फुटांवर गेलं की तळ्याचा आणि आपला संबंध संपला असं वाटायला लागतं. आणि २००८ पासून कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकट, म्हणजे राहिलेला धागाही तुटला.

फुकट विजेवर बोललं की लोक लगेच शेतकरीविरोधी ठरवतात म्हणून स्पष्ट सांगतो, मी शेतकऱ्याला दोष देत नाहीये. मंड्यात कावेरीच्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला धरणाचं पाणी जवळजवळ फुकटच मिळतं, त्या धरणाचा खर्च सगळ्यांनी केला. मग कोरडवाहू कोलारच्या माणसाने विजेचं बिल का भरायचं? हा युक्तिवाद मला पटतो. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. सरकारने प्रत्येकाला वेगवेगळं पाणी काढायचं साधन फुकट दिलं आणि एकत्र पाणी वाटायची जी व्यवस्था होती तिला एका माणसाचा पगार सुद्धा दिला नाही. मग माणूस कुठे जाणार? जिथे फुकट आहे तिकडेच जाणार ना.

रात्री तिथे झोपलात तर हे ऐकू येतं. शेतीला थ्री फेज दिवसातले सात तास, आणि ते सात तास कधी येतील ते सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांनी मोटरीला ऑटोस्टार्टर लावलेत. मध्यरात्री दोनला लाईट आली की खट्‌ खट्‌ करत गावभरच्या मोटरी एकदम सुरू होतात, शेततळं भरलेलं असो नसो, मालक झोपलेला असो नसो. मावांच्या शेजाऱ्याचं शेततळं पहाटेपर्यंत कडेवरून वाहत असतं, आणि त्याला काही वाटत नाही, कारण त्याने बंद केली तरी बाजूच्याची चालूच आहे, खाली पाणी एकच.

ठिबक आहे की, असं इथे कुणीतरी म्हणणारच. आहे, कोलारमध्ये ठिबक नाही असं शेत दाखवा. पण ठिबकने वाचलेलं पाणी जमिनीत राहिलं नाही, एकराचे दोन एकर झाले, टोमॅटो, कोबी, सिमला मिरची, वर्षाला तीन पिकं. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो पेटला होता आठवतंय का? कोलारच्या मार्केट यार्डात १५ किलोचा बॉक्स २,००० च्या वर गेला, आपल्याकडे पिंपळगाव-नारायणगावला पण तीच दिवाळी, फक्त तिकडे क्रेट २० किलोचं. गावातल्या एकाने त्या दोन महिन्यांत घर बांधलं. ते घर बघून बाकीच्या सात-आठ जणांनी बोअर मारले. पाणाड्या आला, तळहातावर नारळ ठेवून शेतभर फिरला, जिथे नारळ उभा राहिला तिथे गाडी लावली. माझ्या मेव्हण्याचा पहिला पॉईंट १,३०० फूट, नुसती धूळ. दुसरा १,४५०, दोन इंच पाणी, चार महिन्यांत तेही गेलं. खोल जाल तसा फुटाचा रेट वाढतो, त्यामुळे कर्जाचा आकडा मी इथे लिहीत नाही, घरात वाचतात. आणि एवढ्या खोलवरचं पाणी प्यायला पण चालत नाही, फ्लोराईड असतं, म्हणून गावात पाच रुपयांचं नाणं टाकून कॅन भरायचं आरओ मशीन. नाण्यासाठी रांग लागते तिथून तळं दिसतं.

आता सांडपाण्याचं. २०१८ पासून बेंगळुरूचं मैलापाणी दोन टप्प्यांत शुद्ध करून पाईपने कोलारच्या तळ्यांत सोडतात, केसी व्हॅली म्हणतात त्याला, १२६ तळ्यांची योजना. सुरुवातीलाच एका तळ्यात फेस आला, लोक घाबरले, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, थांबलं, परत सुरू झालं. शुद्धीकरणाचा तिसरा टप्पा करा ही लोकांची मागणी अजून आहे आणि मला ती शंभर टक्के रास्त वाटते, ज्या शहराला तुम्ही भाजी आणि दूध देता त्याने परत देताना पाणी तरी नीट धुऊन द्यावं. पण ज्या गावांत ते पाणी आलं तिथले बोअर जिवंत झाले, हेही तितकंच खरं. बायकोच्या मावशीचं गाव त्या यादीत आहे, आमचं नाही. मावशीकडे बोअरला आता चारशे-पाचशे फुटांवर पाणी लागतं, आमच्याकडचे लोक तिथली लग्नाची स्थळं परत बघायला लागलेत.

तरी मावशीकडचं तळं बघून मला बरं वाटत नाही. ते बारा महिने भरलेलं असतं. तुम्ही म्हणाल मग चांगलंच की. पण तळं हे उन्हाळ्यात आटायलाच हवं. आटलं की लोक बैलगाड्या घेऊन गाळ न्यायचे, तो काळा गाळ शेतात पडला की दोन-तीन वर्षं खत कमी लागायचं, तळं आपोआप खोल व्हायचं, ओलीवर गुरं चरायची, काकडी-कलिंगडं लागायची, पोरं क्रिकेट खेळायची. आता गाळ काढताच येत नाही. पाणी जमिनीत मुरण्यापुरतं आहे, थेट उपसायचं नाही, म्हणून तूबू कायम बंद. म्हणजे ते तळं राहिलंच नाही, बोअर रिचार्ज करायची टाकी झाली, आणि ते रिचार्ज झालेलं पाणी ज्याची मोटर मोठी त्याचं. ज्याला बोअर नाही, जमीन नाही, त्याने काठावर बसून डास मारायचे. पूर्वी त्याला निदान मासे, गाळ, चराई यात हात घालता यायचा.

आता जो मुद्दा पुढे ढकलला होता तो. नीरगंटी परत आणा म्हटलं की शहरातल्या पर्यावरणवाल्यांचे डोळे पाणावतात, आपलं प्राचीन शहाणपण वगैरे. थांबा जरा. नीरगंटी बहुतेक गावांत दलित असायचा. रात्री-बेरात्री पाण्यात बुडी मारायची त्याने आणि त्याच पाण्यावरचा तांदूळ खायचा दुसऱ्यांनी, त्याला सुगीला सूपभर धान्य, तेही खळ्याच्या कडेला उभं राहून. तूबूवर त्याचा हात होता पण पाण्यावर हक्क नव्हता. जुन्या कोलार जिल्ह्यातच, चिंतामणी तालुक्यात, कंबालपल्लीला २००० साली सात दलितांना घरात कोंडून जाळलं. तेव्हा खेड्यात पूर्वी सगळे गुण्यागोविंदाने राहायचे हे मला कुणी सांगू नका. आमच्या गावातल्या शेवटच्या नीरगंटीचा नातू नरसापूरला फोर्कलिफ्ट चालवतो, त्याला विचारलं आजोबांचं काम करशील का तर तो माझ्याकडे बघून हसला नुसता. बरोबर हसला.

काम परत हवंय, जात नकोय. आणि गंमत म्हणजे नीरगंटी हा शब्द अजून जिवंत आहे. ग्रामपंचायतीचा जो पिण्याच्या पाण्याचा वॉटरमन असतो, बाईकवर फिरून गल्लीगल्लीतले व्हॉल्व सोडतो, टाकीत ब्लीचिंग टाकतो, त्याला लोक आजही नीरगंटीच म्हणतात. पगार तुटपुंजा आणि तोही अडकत-अडकत, पण पद आहे, हजेरी आहे. मग याच पंचायतीत तळ्याचा एक नीरगंटी नेमायला काय हरकत आहे? भरती सगळ्यांना खुली, बाई असली तरी चालेल, पगार वेळेवर, तूबूची, कालव्याची, बांधाची जबाबदारी त्याची, आणि पाणी कुणाला कधी हे ग्रामसभेत ठरेल आणि तो राबवेल, त्याच्या शब्दावर पंचायतीचा शिक्का. पगाराचा अर्धा भाग अच्चुकट्टूवाल्यांनी आणि बोअरवाल्यांनी द्यायचा, कारण तळं भरल्याचा फायदा त्यांनाच. लाखो रुपये गाळ काढायच्या टेंडरवर जातात, त्याच्या शेजारी हा खर्च म्हणजे चहापाणी आहे.

लोक म्हणतील कमिट्या करून झाल्या. हो, झाल्या, २००२ नंतर जागतिक बँकेच्या पैशाने तळ्यांचे वापरकर्ता संघ झाले, आमच्या गावातही त्याची पाटी आहे, पाटीवर शेणाच्या गोवऱ्या थापतात. कमिटीत अध्यक्ष असतो, खजिनदार असतो, फोटो असतो, रात्री दोनला पाट फुटल्यावर उठणारा कुणीच नसतो. ते काम पगार घेणाराच करेल आणि का करू नये?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बोअर खासगी आणि वीज फुकट असताना तळ्याच्या माणसाचं ऐकेल कोण? खरंय. म्हणून दोन्ही एकत्रच करावं लागेल. वीज फुकट असू दे, पण प्रत्येक पंपाला ठरावीक युनिटांपर्यंत, आणि वाचवलेल्या युनिटाचे पैसे शेतकऱ्याच्या खात्यात. पंजाबने २०१८ मध्ये असला प्रयोग सुरू केला, युनिटला चार रुपये. आणि नवीन बोअरला ग्रामसभेची परवानगी. हे अशक्य वाटत असेल तर हिवरे बाजारला जाऊन या, शेतीसाठी बोअर मारायचा नाही हे गावाने ठरवलं आणि पाळलं, पोपटराव पवारांचं नाव सगळे घेतात पण हा एक नियम घरी घेऊन कुणी येत नाही. त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकात विलासराव साळुंखेंनी पुरंदरमध्ये पाणी पंचायत केली, पाणी जमिनीवर नाही, माणशी, अर्ध्या एकरापुरतं, आणि भूमिहीनालाही हिस्सा. ती कल्पना दामाशाच्या एक पाऊल पुढची आहे. दामाशात जमीन असलेल्यांची वाटणी होती, यात माणूस असणं पुरतं. नीरगंटीचा नातू यात नुसता तूबू उघडणारा राहत नाही, पाण्याचा वाटेकरी होतो. तेव्हा कदाचित तो हसणार नाही.

आणि महाराष्ट्राबद्दल म्हटलं होतं ते. २०२४ पासून आपल्याकडे साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला वीज फुकट झाली, गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार आहेच. म्हणजे कर्नाटकने आधी केलं त्याच क्रमाने, मोटर फुकट, गाळाला पैसे, माणूस शून्य. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांची कथा वेगळी नाही, मालगुजार गेला ते बरंच झालं, पण तलाव सरकारजमा झाला आणि त्याच्याकडे रोज बघणारं कुणी उरलं नाही. पांझरेवर आमचा पाट आहे अजून, मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा पाटात पाणी होतं, पाटकरी कोण विचारलं तर तीन जणांनी तीन वेगळी नावं सांगितली आणि चौथा म्हणाला आता मोटरी आहेत सगळ्यांच्या.

यंदा उगादीला सासुरवाडीला गेलो तर एक बातमी होती. तूबूचं गेट बदलणार. टेंडर निघालं, काम झालं सुद्धा, निळा रंग दिलेलं नवीन गेट, वर हँडल लावून फिरवायचं आणि हँडल काढून कुलूप घालायचं. मावा मला मुद्दाम दाखवायला घेऊन गेले. बांधावर पोचल्यावर मी विचारलं, फिरवून बघू या का. तर हँडल नव्हतं. ते कॉन्ट्रॅक्टरकडे आहे म्हणाले, फायनल बिल झाल्यावर देणार. तो दुसऱ्या तालुक्यात, मालूरला राहतो.